गोलपोस्टमध्ये जागा एकच : महिला गोलकीपरचं करिअर नेमकं चालतं कसं?

बीदर / कलबुर्गी : भारतीय महिला फुटबॉल संघाची अनेक वर्षांची गोलरक्षक अदिती चौहान हिनं जुलै २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर केली. १७ वर्षांचं करिअर, भारताकडून ५७ सामने आणि वय ३२. क्रिकेटपटूची निवृत्ती असती तर चार दिवस चर्चा चालली असती. इथं एका दिवसात बातमी येऊन गेली.

पण सीमाभागातल्या पालकांनी ही बातमी जरा थांबून वाचावी अशी आहे. भालकी असो, औराद असो, आळंद असो नाहीतर पलीकडचं उदगीर-निलंगा, शाळेच्या मैदानावर एखादी पोरगी चेंडू चांगला अडवायला लागली की घरी एकच प्रश्न येतो : "यातून पुढं काय?" प्रश्न चुकीचा नाही. पैसा, शिक्षण, लग्न, दुखापत सगळंच त्यात येतं. अदितीचं करिअर पायरीपायरीनं बघितलं, तर या प्रश्नाचं बऱ्यापैकी खरं उत्तर मिळतं.

गोलकीपरचं गणित वेगळं का?

फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. पुरुषांसाठी तेवढाच, महिलांसाठीही तेवढाच. पेनल्टी मारली जाते ती ११ मीटरवरून. म्हणजे सरासरी कमी उंचीच्या खेळाडूला तेवढीच चौकट सांभाळायची असते. त्यामुळे महिला गोलरक्षकाला पाय टाकण्याची पद्धत, उभं राहण्याची जागा आणि उडी घेण्याची वेळ यांवर जास्त काम करावं लागतं. नुसती उंची असून भागत नाही आणि नुसतं धाडस असूनही भागत नाही.

नियमही बदलत असतात. गोलरक्षकानं चेंडू हातात सहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, असा जुना नियम होता. पंच तो फारसा लावत नसत. २०२५-२६ च्या हंगामापासून ही मर्यादा आठ सेकंद झाली आणि ती मोडली तर समोरच्या संघाला थेट कॉर्नर मिळतो. म्हणजे आता चेंडू अडवला की काम संपत नाही. तो कुणाकडे द्यायचा हेही लगेच ठरवावं लागतं.

पण सगळ्यात मोठा फरक जागेचा आहे. संघात अकरा खेळाडू, त्यात गोलकीपर एक. फॉरवर्डला विंगवर खेळवता येतं, बचावपटूला मधल्या फळीत आणता येतं. गोलकीपरला दुसरी जागा नाही. पहिली गोलकीपर तंदुरुस्त आणि फॉर्मात असेल तर दुसरी आणि तिसरी महिनोन् महिने बाकावर बसून असतात. त्या सराव तेवढाच करतात, सामना मात्र मिळत नाही.

आता हिशेब करू. इंडियन वुमेन्स लीग म्हणजे आपल्या देशातली महिलांची सर्वोच्च लीग. २०२४-२५ च्या हंगामात तिच्यात आठ क्लब होते. म्हणजे अख्ख्या देशात, या सर्वोच्च पातळीवर, एका वेळी मैदानात उतरणाऱ्या पहिल्या पसंतीच्या गोलकीपर फक्त आठ. या आठ क्लबांत कर्नाटकचा एक होता, बेंगळुरूचा किकस्टार्ट एफसी. महाराष्ट्राचा एकही नव्हता, गोव्याचा नव्हता, तेलंगणाचाही नव्हता. हे आकडे घाबरवण्यासाठी सांगत नाही. पोरीला पाठवायचं की नाही हे ठरवताना ते समोर असावेत, इतकंच.

पंधराव्या वर्षी गोलमध्ये

अदितीचा जन्म २० नोव्हेंबर १९९२ चा, चेन्नईचा. वाढली दिल्लीत. लहानपणी ती फुटबॉल नाही, तर कराटे आणि बास्केटबॉल खेळायची. बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीचे हात चेंडूला सरावलेले असतात, उंच चेंडू घ्यायची सवय असते. पंधराव्या वर्षाच्या सुमारास ती गोलमध्ये उभी राहिली आणि दिल्लीच्या १९ वर्षांखालील संघात निवडली गेली.

आपल्याकडच्या क्रीडाशिक्षकांसाठी यात एक धडा आहे. गोलकीपर ही बहुतेक वेळा फुटबॉलच्या मैदानावर जन्मत नाही. ती व्हॉलीबॉल, हँडबॉल, बास्केटबॉल खेळणाऱ्या, कबड्डीत न घाबरता झेप घेणाऱ्या पोरींमध्ये सापडते. बीदर-कलबुर्गी भागात फुटबॉलची मैदानं कमी असतील, पण खो-खो आणि कबड्डीच्या पोरी कमी नाहीत.

अदिती खेळायला लागली तो काळ भारतीय महिला फुटबॉलसाठी पडता होता. भारताच्या महिला १९७९ आणि १९८३ च्या आशियाई स्पर्धांत उपविजेत्या होत्या, हे आज फार कमी लोकांना ठाऊक आहे. पुढे हा खेळ इतका मागे पडला, की पुरेसे सामनेच न खेळल्यामुळे २००९ च्या सुमारास फिफाच्या क्रमवारीतून भारताच्या महिला संघाचं नावच निघालं. अशा वेळी राष्ट्रीय संघाचं स्वप्न बघणाऱ्या मुलीला रस्ता दाखवणारं कुणी नव्हतं. तरी २०१२, २०१६ आणि २०१९ च्या सॅफ स्पर्धा, म्हणजे दक्षिण आशियाई विजेतेपदं, भारतानं जिंकली आणि या तिन्ही विजयांत अदितीचा वाटा होता.

डिग्री आणि ग्लोव्हज एकाच बॅगेत

अदितीच्या करिअरमधला खरा वळणाचा निर्णय मैदानातला नव्हता. ती क्रीडा व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घ्यायला इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठात गेली. शिक्षण घेता घेता तिथं खेळली आणि २०१५ मध्ये लंडनच्या वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघात आली. इंग्लंडच्या महिला लीगमध्ये स्पर्धात्मक सामना खेळणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

१६ ऑगस्ट २०१५ रोजी कोव्हेंट्रीविरुद्ध तिचा पहिला सामना झाला. निकाल काय लागला? वेस्ट हॅम ०-५ नं हरली. पहिल्याच दिवशी पाच गोल. फॉरवर्ड गोल चुकली तर कुणाच्या लक्षातही राहत नाही, गोलकीपरची चूक मात्र फलकावर आकडा होऊन बसते. त्या पाच गोलांनंतरही ती टिकली. त्याच वर्षी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये एशियन फुटबॉल अवॉर्ड्सचा महिला पुरस्कार तिला मिळाला.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. 'वेस्ट हॅम' नाव ऐकलं की आपल्याला प्रीमियर लीग आणि कोट्यवधी रुपये दिसतात. पण तेव्हा त्यांचा महिला संघ इंग्लंडच्या तिसऱ्या स्तरावर खेळत होता. या स्तरावरच्या बहुतेक खेळाडू नोकरी किंवा शिक्षण सांभाळूनच खेळायच्या. वेस्ट हॅमच्या महिला थेट सर्वोच्च लीगमध्ये गेल्या त्या २०१८ मध्ये. शिवाय ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करता येत नाही. म्हणून परदेशी क्लबचं नाव आणि परदेशी पगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणी एजंट दारात येऊन "परदेशात खेळवतो" म्हणाला, तर पहिला प्रश्न विचारायचा : कुठल्या स्तरावर आणि कुठल्या व्हिसावर?

लफबरोचंच आणखी एक उदाहरण आहे. इंग्लंडची गाजलेली गोलरक्षक मेरी अर्प्स हिनंही याच विद्यापीठातून पदवी घेतली. पुढे २०२२ चा युरो चषक इंग्लंडनं जिंकला तेव्हा गोलमध्ये तीच होती. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तिनं स्पेनची पेनल्टी अडवली आणि स्पर्धेतली सर्वोत्तम गोलरक्षक ठरली. एवढं असूनही त्या विश्वचषकात गोलकीपरची जर्सी चाहत्यांसाठी विक्रीलाच ठेवलेली नव्हती. अर्प्सनं जाहीर नाराजी व्यक्त केली, लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या, तेव्हा कुठं कंपनीनं जर्सी बाजारात आणली. म्हणजे गोलकीपरला दुय्यम मानणं हे फक्त आपल्याकडचंच दुखणं नाही.

पगार किती? करार किती महिन्यांचा?

आता मुद्द्यावर येऊ. 'प्रोफेशनल' कुणाला म्हणायचं? फिफाची व्याख्या साधी आहे. ज्या खेळाडूकडे क्लबशी लेखी करार आहे आणि जिला खेळण्याच्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात, ती प्रोफेशनल. प्रवासखर्च, बूट आणि जेवण एवढंच मिळत असेल तर ती खेळाडू हौशीच, मग क्लब कितीही मोठा असो.

इंग्लंडहून परतल्यावर अदिती इंडिया रश क्लबकडून आणि मग गोकुलम केरळकडून खेळली. गोकुलमनं २०१९-२० ची लीग जिंकली. बेंगळुरूला १४ फेब्रुवारी २०२० रोजी झालेल्या अंतिम सामन्यात त्यांनी मणिपूरच्या क्रिफ्सा संघाला ३-२ नं हरवलं. २०२१-२२ लाही गोकुलमच विजेता ठरला. या दोन्ही विजेतेपदांत अदिती होती.

पण तेव्हाच्या लीगचं स्वरूप बघा. २०१६-१७ ला सुरू झालेली ही लीग बरीच वर्षं एकाच शहरात सगळे संघ आणून, काही आठवड्यांत उरकली जायची. लीग काही आठवड्यांची म्हटल्यावर करारही काही महिन्यांचा. उरलेलं वर्ष खेळाडूनं काय करायचं, हा तिचा प्रश्न. घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर सामने, म्हणजे पुरुषांच्या लीगसारखी पद्धत, २०२३-२४ पासून आली.

त्याच सुमारास अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं ठरवलं, की लीगमधल्या प्रत्येक क्लबनं किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचा करार करावा. १२ नं भागलं तर महिन्याला साधारण २६ हजार ६६० रुपये पडतात. ही कमीत कमी रक्कम आहे, नावाजलेल्या खेळाडूंना जास्त मिळू शकतं. पण 'किमान दहा' हे शब्द नीट वाचा. क्लबकडे वीस-पंचवीस खेळाडू असतात. दहांत पहिली गोलकीपर येईल, असं धरून चालू. दुसरी आणि तिसरी येईल याची हमी नियम देत नाही. म्हणजे बाकावर बसणाऱ्या गोलकीपरनं करारातला आकडा आणि महिने दोन्ही स्वतः तपासून घेतले पाहिजेत.

हातात नसलेल्या गोष्टी

मेहनत केली की फळ मिळतं, असं आपण पोरांना सांगतो. अदितीच्या करिअरमध्ये दोन प्रसंग असे आले, की मेहनतीचा काही उपयोग नव्हता.

पहिला प्रसंग महाराष्ट्राच्या भूमीवरचा. जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात भरला. पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाची पात्रताही याच स्पर्धेतून होती. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता. २० जानेवारीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत-इराण सामना ०-० बरोबरीत सुटला. गोलमध्ये अदिती होती, एकही गोल झाला नाही. तीन दिवसांनी चायनीज तैपेईविरुद्ध सामना होता. पण संघात कोरोनाची लागण इतकी पसरली, की नियमानुसार लागणाऱ्या किमान तेरा खेळाडूसुद्धा भारताला उभ्या करता आल्या नाहीत. सामना झाला नाही, भारत स्पर्धेतून बाहेर धरला गेला आणि खेळलेला सामनाही हिशेबातून गेला. घरच्या मैदानावरची संधी तीन दिवसांत संपली. अदिती तेव्हा २९ वर्षांची होती.

दुसरा प्रसंग त्याच वर्षीच्या ऑगस्टचा. महासंघाच्या कारभारातल्या बाहेरच्या हस्तक्षेपावरून फिफानं भारतावर बंदी घातली. गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचला होता. खेळाडू तिथं गेल्या आणि न खेळता परत आल्या. बंदी २६ ऑगस्टला उठली, पण तोवर त्यांची स्पर्धा हातची गेली होती.

खेळाडूचा दोष काय होता? काहीच नाही. नोकरदाराचं एक वर्ष वाया गेलं तर पुढं भरून काढता येतं. खेळाडूच्या चांगल्या वर्षांची मोजणी बोटांवर होते. म्हणून फक्त खेळावर सगळं लावून बसू नये, हे या दोन प्रसंगांतून जास्त नीट कळतं.

शरीराचंही तसंच. गुडघ्यातला एसीएल नावाचा स्नायुबंध तुटण्याचं प्रमाण महिला खेळाडूंमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आहे. ऑपरेशन करून पुन्हा मैदानात यायला साधारण नऊ महिने ते वर्ष जातं. त्यामुळे करारात विमा आहे का, दुखापतीच्या काळात पगार चालू राहतो का, हे सही करण्याआधी विचारायचे प्रश्न आहेत. लग्न आणि बाळंतपणाचंही विचारावं. फिफाच्या २०२१ पासूनच्या नियमानुसार करारबद्ध महिला खेळाडूला किमान १४ आठवड्यांची प्रसूती रजा आणि त्या काळात किमान दोन-तृतीयांश पगार मिळायला हवा.

वाट थोडी रुंद झाली आहे

अदितीनंतर गोलमध्ये कोण, याचं उत्तर मिळालेलं आहे. मणिपूरची एलांगबम पांथोई चानू. २०२४-२५ ची लीग जिंकणाऱ्या ईस्ट बंगालची ती गोलरक्षक. थायलंडच्या चियांग माई इथं आशिया चषकाच्या पात्रता फेरीत भारतानं मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्टेला ४-० आणि इराकला ५-० नं हरवलं. ५ जुलै २०२५ रोजी यजमान थायलंडलाही २-१ नं नमवलं आणि २०२६ च्या ऑस्ट्रेलियातल्या आशिया चषकात जागा मिळवली. यजमान म्हणून नाही, पात्रता फेरी जिंकून. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत अदितीची निवृत्ती आली. एक पिढी बाजूला झाली, दुसरी उभी आहे.

लीगची दुसरी श्रेणीही सुरू झाली आहे. आठांत जागा नाही मिळाली तर खालच्या पायरीवर खेळायला मिळतं. गोलकीपरसाठी मोठ्या क्लबच्या बाकावर बसण्यापेक्षा छोट्या क्लबकडून दर आठवड्याला खेळणं अनेकदा फायद्याचं ठरतं.

सीमाभागातल्या पोरीनं नेमकं काय करायचं?

आपल्याकडे पहिला घोळ होतो तो राज्याचा. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजार उदगीरचा आणि दवाखाना हैदराबादचा. मग खेळायचं कुणाकडून? राज्याचा संघ त्या त्या राज्याची संघटना निवडते. बीदर-कलबुर्गीच्या मुलीसाठी ती बेंगळुरूची कर्नाटक राज्य फुटबॉल संघटना, लातूर-सोलापूरच्या मुलीसाठी मुंबईची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन. बीदरहून बेंगळुरू जवळपास ७०० किलोमीटर, त्यामुळे निवड चाचणीला जाणं हाच मोठा खर्च असतो. राज्यांच्या महिला संघांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा आता राजमाता जिजाबाई करंडक या नावानं ओळखली जाते. मराठी घरातल्या पोरीनं तो करंडक कर्नाटकाकडून खेळला काय आणि महाराष्ट्राकडून खेळला काय, दोन्ही अभिमानाचंच.

क्लबचं मात्र वेगळं आहे. क्लबला राज्याची सीमा नसते. दिल्लीत वाढलेली अदिती केरळच्या क्लबकडून खेळली, मणिपूरची पांथोई कोलकात्याच्या. औरादची मुलगीही कुठल्याही क्लबकडून खेळू शकते. त्यासाठी रहिवासी दाखला बदलायची गरज नाही.

हे मुद्दाम लिहितोय, कारण काही घरांत खेळासाठी पोरीची कागदपत्रं पलीकडे न्यायचा विचार होतो. त्याआधी थांबा. कल्याण कर्नाटकातल्या रहिवाशांना कलम ३७१ (जे) खाली शिक्षणात आणि नोकरीत आरक्षण आहे. खेळासाठी दाखला हलवला आणि उद्या ही सवलत अडचणीत आली, तर नुकसान मोठं आहे. तहसील कचेरीत आधी विचारून घ्यावं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवर जन्मतारीख एकच असावी. वयोगटाच्या स्पर्धेत वय लपवलेलं सापडलं की बंदी येते आणि ती पोरीच्या नावावर लागते. महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत खेळाडूचं नाव योग्य क्लबकडे आहे ना, ते बघावं. अठरा वर्षांखालील खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा जास्त नसावा, असा फिफाचा नियम आहे. कोऱ्या कागदावर किंवा न कळणाऱ्या भाषेतल्या करारावर सही करू नये. रेल्वे, पोलीस आणि निमलष्करी दलांत खेळाडूंच्या कोट्यातून भरती होते, तिच्यासाठी प्रमाणपत्रं जपून ठेवावीत. आणि दहावी-बारावीची परीक्षा सोडू नये.

उत्तर काय मग?

"यातून पुढं काय?" या प्रश्नाचं अदितीच्या करिअरमधून मिळणारं उत्तर असं : फक्त खेळाच्या भरवशावर बसलं तर कमी, खेळ आणि शिक्षण एकत्र धरलं तर पुष्कळ. गोलपोस्टमधली जागा एकच आहे आणि ती मिळेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. पण त्या जागेसाठी तयारी करताना मिळालेली पदवी, ओळखी आणि अनुभव बाकावर बसलं तरी कुठं जात नाहीत. अदितीनं खेळत असतानाच मुलींसाठी 'शी किक्स' ही फुटबॉल अकादमी उभी केली. बत्तिसाव्या वर्षी ग्लोव्हज काढताना तिच्यापुढं काम तयार होतं.

आपल्या भागातल्या पोरींना एवढं मोठं काही लगेच नको आहे. आठवड्यातून चार दिवस मोकळं मैदान, दोन खरे गोलपोस्ट, मापाचे ग्लोव्हज आणि परीक्षेच्या वेळापत्रकाशी भांडण न करणारा सराव, एवढं पुरेल. ते देणं शाळा, ग्रामपंचायत आणि जिल्हा क्रीडा खातं यांच्या आवाक्यातलं आहे. घरच्यांनी द्यायचं ते एकच : पहिल्या सामन्यात पाच गोल खाऊन पोरगी घरी आली, तर दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा मैदानावर जाऊ द्यायचं.